शरीराचे कोठार आणि सरकारचा हुकूम

सन २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या या शहरात, जे त्या वेळी सरकारदफ्तरी औरंगाबाद या नावाने नोंदलेले होते, एक हुकूम निघाला. करोनाची लस ज्याने एकदाही टोचून घेतली नाही, त्यास स्वस्त धान्याच्या दुकानातून धान्य, एजन्सीतून गॅस आणि पंपावरून पेट्रोल देऊ नये, असे तत्कालीन जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी फर्माविले. अजिंठा, वेरूळ व बीबीचा मकबरा ही स्थळे पाहावयास येणारांसही हीच अट लागू झाली. हुकमाचे कारण उघड होते. राज्यात पात्र लोकांपैकी सुमारे ७४ टक्क्यांनी निदान एक मात्रा घेतलेली असता आमच्या जिल्ह्यात ते प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होते, आणि राज्याच्या ३६ जिल्ह्यांत आमचा क्रम २६ वा लागत होता. हे आकडे आम्हां जिल्हावासीयांस भूषणावह नव्हते, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

तो हुकूम आता इतिहासजमा झाला. मग तो आज उकरून काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन हे की, साथ ही काही एकदाच येऊन कायमची निघून जाणारी पाहुणी नव्हे. ती नव्या नावाने पुन्हा येणार, आणि त्या वेळी अधिकाऱ्यांच्या हाताशी पुन्हा हाच मार्ग सोपा म्हणून येणार. तेव्हा गडबड नसताना, डोके थंड असताना, या मार्गाची शहानिशा करून ठेवणे हे शहाणपणाचे आहे. आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. लस ही अवश्य टोचून घ्यावी. ती न घेणारा आपले व शेजाऱ्याचे नुकसान करतो, यात आम्हांस तिळमात्र संशय नाही. परंतु लशीसाठी गरिबाचे धान्य अडविणे हे केवळ कठोर नव्हे, तर ज्या हेतूने लस द्यावयाची त्या हेतूलाच विरोधी आहे. हे विधान दयाबुद्धीचे नसून शरीरशास्त्राचे आहे. आणि ते पटण्यासाठी शरीर स्वतःचे रक्षण कसे करते, हे थोडे समजून घ्यावे लागेल.

आमच्या वाचकांस हे समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ज्या शहराची ओळखच बावन्न दरवाजांचे शहर अशी आहे आणि ज्याच्या शेजारी देवगिरीसारखा दुर्ग उभा आहे, त्या शहरातील माणसास तट, दरवाजा, पहारा आणि कोठार या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. मनुष्याची त्वचा हा पहिला तट. ती अखंड आहे तोवर असंख्य सूक्ष्म जंतू बाहेरच ताटकळत राहतात. नाक, तोंड, डोळे हे दरवाजे. त्यांवर शेंबूड, लाळ व अश्रू यांचा पहारा असतो, आणि त्यातूनही जो अन्नाबरोबर आत उतरला त्यास पोटातील तीव्र आम्लाचा खंदक ओलांडावा लागतो. इतके करूनही कोणी आत शिरलाच, तर रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात व त्यास गिळून टाकतात. जखमेतून जो पू निघतो, तो बहुतांशी या झटापटीत कामी आलेल्या पेशींचाच ढीग होय. अंग तापते तेही पुष्कळदा शत्रूने लावलेली आग म्हणून नव्हे, तर जंतूंची वाढ रोखावी म्हणून शरीराने स्वतः पेटविलेली शेकोटी म्हणून.

ही पहिली फळी सर्वांस सरसकट मारते. ती शत्रूचे नाव-गाव विचारीत नाही. तिच्यामागे जी दुसरी फळी आहे ती मात्र फार निराळी आहे. पायाला काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आमच्या खेड्यांतील प्रत्येक बाईस ठाऊक असते. ते का येते? जखमेच्या जागी सापडलेल्या जंतूंचे तुकडे घेऊन काही पेशी जवळच्या गाठीत येतात, आणि तेथे जमलेल्या लक्षावधी पेशींस ते दाखवितात. यांपैकी ज्या मोजक्या पेशींस तो तुकडा नेमका ओळखता येतो, त्यांची संख्या झपाट्याने वाढविली जाते. त्यांतील काही प्रतिपिंडे तयार करून रक्तात सोडतात. ही प्रतिपिंडे जंतूस चिकटून त्यास निकामी करतात. दुसऱ्या काही, रोगाने ग्रासलेल्या आपल्याच पेशी हेरून त्यांचा नाश करतात. या दुसऱ्या वर्गाच्या पेशी छातीच्या हाडामागील थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात, आणि आपला कोण व परका कोण हा विवेक त्यांस तेथेच शिकविला जातो. ज्या आपल्यांवरच उलटतील अशा दिसतात, त्यांतील बहुतेक तेथेच नाहीशा केल्या जातात.

या दुसऱ्या फळीत एक उणीव आहे व एक मोठा गुण आहे. उणीव ही की, नवा शत्रू ओळखून सैन्य उभे करण्यास तिला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि घटसर्पासारखा रोग तेवढी सवड देतोच असे नाही. गुण हा की, एकदा पाहिलेला शत्रू ती विसरत नाही. लढाई संपल्यावर काही पेशी स्मरण ठेवून वर्षानुवर्षे जिवंत राहतात, आणि तोच शत्रू पुन्हा आला तर आठवड्याचे काम फार लवकर उरकतात. लस म्हणजे काय, याचे उत्तर येथे मिळते. मेलेला, दुबळा केलेला, किंवा नुसता तुकडा स्वरूपाचा शत्रू शरीरास आधी दाखवून ठेवणे, म्हणजे लस. ती शक्ती देत नाही. ती ओळख देते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची पाळी येऊ नये, एवढीच तिची करामत. परंतु या करामतीने काय साधले ते पाहा. देवीच्या लशीचे पहिले टोचणे हिंदुस्थानात १८०२ साली मुंबईस एका तीन वर्षांच्या मुलीस झाले, आणि १९८० साली देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. ज्या रोगास देवता मानून आमच्या आया-बहिणी नवस करीत, तो रोग आज एकाही घरात नाही. पोलिओच्या बाबतीत भारतातील शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला, आणि २०१४ साली देश त्या रोगापासून मुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आमच्याच राज्यात आहे. २०२२ साली मुंबईच्या गोवंडी भागात, भिवंडीत व मालेगावात गोवराने उचल खाल्ली आणि लहान मुले दगावली. आजारी मुलांपैकी पुष्कळांस लस मिळालेली नव्हती. गोवर हा 'अंगावर काढावयाचा' आजार, अशी आमच्याकडे समजूत आहे. ती किती घातक आहे हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनावरून दिसून येते. लस न घेतलेल्या मुलांचे रक्त गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासले असता, इतर रोगांविरुद्ध त्यांच्या शरीराने आजवर जमविलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. म्हणजे गोवर नुसता अंगावर पुरळ उठवून जात नाही. तो शरीराचे दफ्तर जाळून जातो. एक गोवराचा रोगी असंरक्षित लोकांत १२ ते १८ जणांस रोग देऊ शकतो. म्हणून शंभरांपैकी ९५ मुले संरक्षित असल्याखेरीज त्याची वाट बंद होत नाही. नऊ महिन्यांच्या आतील तान्ह्या मुलास सामान्यतः ही लस देत नाहीत. त्याचे रक्षण शेजारच्या घरातील मोठ्या मुलाने घेतलेल्या लशीवर अवलंबून असते. 'माझे मूल, माझी मर्जी' असे म्हणणाऱ्या गृहस्थांनी या गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

येथपर्यंत आमचे म्हणणे हुकूम काढणाऱ्यांस सर्वथा मान्यच होईल. मतभेद पुढे आहे. तट बळकट, पहारेकरी हुशार, शत्रूची ओळख पक्की. पण कोठारात दाणा नसेल तर? देवगिरीवर १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी चालून आला तेव्हा राजा रामदेवराव गडाच्या आश्रयास गेला. तो गड बळाने घेणे सोपे नव्हते. परंतु धान्य म्हणून घाईने वर चढविलेल्या पोत्यांत मीठ निघाले, आणि शरण जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही, असे फिरिश्ताने लिहून ठेवले आहे. मनुष्याच्या देहाची गोष्ट याहून निराळी नाही. प्रतिपिंडे ही प्रथिनांची घडलेली असतात. ज्याच्या ताटात डाळ नाही, त्याचे शरीर ती कशातून घडविणार? वर सांगितलेली थायमस ग्रंथी उपासमारीत झपाट्याने आक्रसते. कुपोषित मुलास जुलाब, न्यूमोनिया व क्षय का गाठतात आणि गाठल्यावर का सोडीत नाहीत, याचे एक मोठे कारण हे आहे. आमच्या राज्यात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. म्हणजे दर तीन मुलांमागे एकाहून अधिक मुलांचे कोठार अर्धे रिकामे आहे.

अन्न हेच औषध, हे नुसते सुभाषित नाही. ते मोजून पाहिले गेले आहे. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरांतील दहा हजारांवर माणसांवर एक प्रयोग झाला व त्याचे फळ २०२३ साली प्रसिद्ध झाले. काही घरांतील माणसांस दरमहा दर माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वे देण्यात आली. इतर घरांतील माणसांस ती दिली नाहीत. ज्यांस शिधा मिळाला, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी भरले. कोणतेही नवे औषध नाही, कोणतीही सुई नाही. केवळ तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे! स्वस्त धान्याच्या दुकानात जे मिळते, किंवा मिळावयास हवे, ते जवळजवळ हेच नव्हे काय?

आता तो हुकूम पुन्हा वाचून पाहावा. लस न घेतलेला मनुष्य रोगास अधिक बळी पडण्याजोगा आहे, म्हणून त्याचे धान्य बंद करा! म्हणजे ज्याच्या तटास खिंडार आहे, त्याचे कोठारही रिकामे करा. एका हाताने दुर्ग बांधावा व दुसऱ्या हाताने त्यातील दाणा उपसून टाकावा, असा हा प्रकार झाला. शिवाय या शिक्षेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी बाजारातून गहू आणण्याची ऐपत आहे, त्या लस नाकारणाऱ्या श्रीमंतास रेशनचे दुकान बंद झाल्याने काहीच तोशीस पडत नाही. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या मजुराची चूल मात्र विझते. गुन्हा एकच असता दंड फक्त गरिबास, ही कोणत्या न्यायाची रीत?

कोणी म्हणेल, की वेळ आणीबाणीची होती, समजावीत बसण्यास सवड नव्हती. या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात प्राणवायूसाठी तळमळणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, तो अधिकाऱ्यांच्या तगमगीस हसणार नाही. गर्दीच्या जागी लस न घेतलेल्यास येऊ देऊ नये, या निर्बंधास आमचा विरोध नाही. कारण तेथे एकाच्या हट्टाने दुसऱ्यास धोका पोचतो. लेणी पाहण्यावाचून मनुष्य मरत नाही; भाकरीवाचून मरतो. हा भेद लहान नव्हे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कोणासही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर प्रमाणशीर निर्बंध घालता येतात. 'प्रमाणशीर' या एका शब्दात सर्व काही आले. भाकरी अडविणे हे कोणत्याही मापाने प्रमाणशीर ठरणार नाही.

सक्तीने काय साधते आणि विश्वासाने काय साधते, याचा धडा महाराष्ट्रास एकदा फार महागात मिळालेला आहे. १८९७ साली प्लेगच्या वेळी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच्या आधारे पुण्यात प्लेग कमिशनर रँड यांच्या अमलाखाली सोजिरांनी घरोघर शिरून झडत्या घेतल्या. परिणाम काय झाला? लोक प्लेगपेक्षा सरकारास अधिक भिऊ लागले, रोगी लपवू लागले, आणि त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी, त्याच इलाख्यात, एक परदेशी मनुष्य निराळ्या रीतीने वागत होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी राजीखुशीने पुढे आले त्यांस दिली. आणि पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. कायदा एक होता, रोग एक होता. पण लोकांच्या मनात कोणाची स्मृती कशी राहिली, हे आम्ही सांगावयास नको.

सरकारास इतके सुनावल्यावर लोकांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. आमच्यातील पुष्कळांनी फुकट मिळणारी लस अफवेवर विश्वासून नाकारली, आणि 'प्रतिकारशक्ती वाढविणारी' म्हणून विकलेली चूर्णे, काढे व गोळ्या पदरचे पैसे खर्चून घेतल्या. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, ही शक्ती म्हणजे शिगोशीग भरत जावी अशी बरणी नव्हे. ती अवाजवी भडकली तर आपल्याच सांध्यांवर उलटून संधिवात आणते, आणि करोनाच्या काही रोग्यांत फुप्फुसांचा घात विषाणूइतकाच या अनावर झालेल्या सैन्याने केला. तिला हवे असते ते पुरेसे अन्न, झोप, स्वच्छ पाणी आणि वेळेवर करून दिलेली शत्रूची ओळख. यांपैकी काहीही बाटलीत भरून विकता येत नाही. त्याचप्रमाणे बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध खराब म्हणून पिळून टाकण्याची चाल अजूनही काही घरांत आहे; त्या दुधात आईने बाळासाठी तयार प्रतिपिंडे साठविलेली असतात. निसर्गाची ही पहिली लस मोरीत ओतणाऱ्या सासूबाईंस काय म्हणावे?

मग करावे काय? आमच्या सूचना थोड्या आहेत व खर्चाच्या नाहीत. पहिली ही की, लशीनंतर ताप येतो, हात दुखतो, क्वचित् याहून अधिक त्रासही होतो, हे लोकांपासून लपवू नये. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल येथे प्लेगची लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष एका दूषित बाटलीचा होता, पण खरे बाहेर येण्यास वर्षे लागली आणि तोवर संशयाने आपले काम केले. जे उघड सांगितले जाते, त्याची अफवा होत नाही. दुसरी, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावे. या शहरात मराठीबरोबर उर्दूही पुष्कळ घरांत बोलली जाते. आरोग्याचा निरोप मशिदीतून, विहारातून, देवळातून व शाळेतून, त्या त्या वस्तीच्या विश्वासातील माणसाच्या तोंडून गेला पाहिजे. तिसरी, दर वॉर्डात किती मुलांच्या मात्रा पुऱ्या झाल्या याचा आकडा महापालिकेने नावे न देता जाहीर फलकावर लावावा. आपली वस्ती मागे आहे हे कळले म्हणजे वस्ती स्वतःच हलते. चौथी, मराठवाड्यातून दरसाल ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले गावाच्या यादीत असतात आणि कारखान्याच्या तळावर राहतात. यादी एकीकडे, मूल दुसरीकडे. त्यांची लस त्यांच्यामागून तळावर गेली पाहिजे. कामावर जाणाऱ्या आईस रोजंदारी बुडवून दवाखान्यात ये म्हणणे ही सोय नव्हे; संध्याकाळी तिच्या वस्तीत बसणे ही सोय.

आणि शेवटची सूचना त्या हुकमासंबंधी. रेशनच्या दुकानाची आठवण अधिकाऱ्यांस झाली, हे एका अर्थी बरोबरच झाले. कारण गरीब मनुष्य दर महिन्यास जेथे हमखास येतो अशी दुसरी सरकारी जागा नाही. चूक एवढीच की, त्या दारात पहारा बसविला, परिचारिका बसविली पाहिजे होती. पुन्हा साथ आली तर लस नाही म्हणून माणसास त्या दारातून परत पाठवू नये; त्याच दारात खुर्ची, टेबल आणि लशीची पेटी मांडावी, आशाताईने त्याची शंका ऐकून घ्यावी, आणि त्याने लस घेतली तरी धान्य द्यावे, न घेतली तरी धान्य द्यावे व पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावे. रिकाम्या पोटी भीतीने टोचून घेतलेला मनुष्य दुसऱ्या मात्रेस चुकवितो. भरल्या पोटी समजून टोचून घेतलेला मनुष्य आपल्या मुलासही घेऊन येतो. आम्हांस आमच्या जिल्ह्याचा क्रम वर आलेला पाहावयाचा आहे. पण तो या दुसऱ्या मार्गाने.